भुंगा फिट, पोपट अनफिट?

शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये वाद झाला. आमच्याकडे वाद शुक्रवारीच होतात, कारण सोमवार ते गुरुवार कोणाला वेळ नसतो. आणि नेहमीप्रमाणे मला योग्य उत्तर सुचलं ते संध्याकाळी घरी जाताना, बसमध्ये, एका पायावर उभा असताना. तेव्हा मंडळी, हा घ्या माझा उशिरा सुचलेला शहाणपणा. शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप, बाहेर पाऊस. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

झालं असं, की टेबलावरच्या एकाने मोबाईलवर मॉरिशसच्या एका पोपटाबद्दल काहीतरी वाचलं. एको पॅराकीट. दिसायला आपल्या रानातल्या पोपटासारखाच, थोडा गुटगुटीत, रंग जरा गडद. १९८० च्या दशकात जगात हे पक्षी उरले होते दहाबारा. दहाबारा हजार नव्हे, दहाबारा नग. मग काही माणसांनी पंचवीसतीस वर्षं झाडावर चढून, अंडी मोजून, पिल्लं हाताने भरवून ती संख्या साडेसातशेच्या आसपास नेली. २०१९ मध्ये त्यांचा धोक्याच्या यादीतला दर्जाही एक पायरी सुधारला.

यावर आमच्या टीमचे आर्किटेक्टसाहेब (वय चौतीस, दोन फ्लॅट, प्रत्येक विषयावर मत) म्हणाले, "पण कशाला? सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट आहे, बॉस. ज्याला जगता येत नाही त्याला सलाईन लावून किती दिवस ठेवणार? त्यापेक्षा याच्या काकाचा तो भुंगा बघ. मारून मारून दमले, तरी मरत नाही. भुंगा फिट, पोपट अनफिट. निसर्गाने निकाल दिलाय, आपण कशाला अपील करतोय?"

सगळे हसले. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू. वाक्य जमलं होतं. पण दहा मिनिटांनी विषय निघाला आमच्यातल्याच एकाचा. गेले तीन महिने तो बेंचवर होता आणि गेल्या आठवड्यात त्याला 'जा' म्हणून सांगण्यात आलं. तर त्याच साहेबांनी, त्याच सुरात, तेच वाक्य पुन्हा टाकलं. फिटेस्ट, बॉस. या वेळी कोणी हसलं नाही, पण कोणी काही बोललंही नाही. मीही नाही. ते डोक्यात राहिलंय.

तर आधी त्या भुंग्याची ओळख करून देतो, कारण त्याच्याबद्दल मी अधिकारवाणीने बोलू शकतो. पोपट मी फक्त वाचलाय. भुंगा मी मारलाय.

त्याला आमच्याकडे गेंड्या भुंगा म्हणतात. काळाभोर, अंगठ्याएवढा, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. रात्री उडतो, दिव्यावर येऊन आपटतो. माडाच्या शेंड्याशी, जिथे कोवळा कोंब अजून उघडलेला नसतो, तिथे भोक पाडून आत शिरतो आणि रस चोखतो. तो कोंब पुढे उघडला की झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसतात, व्ही आकाराच्या. लहानपणी मला वाटायचं की ती झाडाची नक्षीच आहे. मोठा माड हे सोसतो, उत्पन्न घटतं एवढंच. लहान रोपाचा शेंडा खाल्ला की रोप मेलं, आणि त्या जखमेवर सोंड्या भुंगा आला तर मोठा माडही जातो. काका लोखंडी तारेची आकडी करून भोकात घालतात आणि भुंगा ओढून काढतात. डांबरगोळ्या, निंबोळी पेंड आणि वाळू, कामगंध सापळा, सगळं करून झालंय.

आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं ते तिथूनच आत घुसलं. मी तेव्हा पुण्यात फ्लॅटमध्ये वर्क फ्रॉम होम करत बसलेलो, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. फोन चार दिवस लागत नव्हता. लागला तेव्हा काका एवढंच म्हणाले, "आकाश दिसतंय रे घरातून." म्हणजे छप्पर गेलं असं मला वाटलं. छप्पर गेलंच होतं, पण ते त्याबद्दल बोलत नव्हते. मागच्या पडवीतून कधीही आकाश दिसलं नव्हतं, कारण माड आणि पोफळी होत्या. आजोबांनी लावलेल्या. त्या दिवशी दुपारी काही तासांत त्या आडव्या झाल्या.

भरपाईचा हिशोब हेक्टरात होता आणि आमची वाडी गुंठ्यांत. असो. तो वेगळा लेख आहे.

इथे महत्त्वाचं हे, की पडलेली झाडं उचलणार कोण? सगळ्या गावाची झाडं एकदम पडलेली. करवतवाले मिळेनात, मिळाले तर परवडेनात. पाऊस सुरू झालेला. ओंडके तसेच पडून राहिले, कुजले. आणि कुजलेला माडाचा ओंडका म्हणजे गेंड्या भुंग्याचं प्रसूतिगृह. मादी त्यात पन्नासच्या वर अंडी घालते, आणि अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा प्रवास साधारण पाच-सहा महिन्यांत होतो. काकांनी त्याच पावसाळ्याच्या शेवटी नवी रोपं लावली. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा रोपांचे शेंडे कातरलेले होते आणि ओंडका कुऱ्हाडीने फोडला की आतून लठ्ठ पांढऱ्या अळ्या बाहेर गडगडायच्या. मी मोजायला लागलो होतो, इंजिनियर ना. सत्तरच्या पुढे सोडून दिलं.

आता आर्किटेक्टसाहेबांना माझा पहिला प्रश्न. हा भुंगा 'फिट' कशामुळे झाला? त्याने त्या वर्षी काय विशेष कर्तृत्व दाखवलं? त्याचं शिंग वाढलं का? बुद्धी वाढली का? काही नाही. त्याला फुकटात खाटा मिळाल्या, एवढंच. एका लांबलचक किनारपट्टीवर ओळीने माडच माड लावायचे, म्हणजे त्याचं जेवण. दर घरामागे शेणखताचा उघडा खड्डा, म्हणजे त्याचा पाळणा. वादळानंतर ओंडके पडून राहू द्यायचे, म्हणजे वर बोनस. इतकी सोय करून दिली तर मीसुद्धा फिट होईन :)

आणि हे फक्त कोकणातलं नाही. हा भुंगा मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियातला, म्हणजे आपल्याच भागातला. समुद्र ओलांडून हजारो मैल उडायची त्याची ऐपत नाही. तरी तो १९०९ मध्ये पॅसिफिकमधल्या सामोआला पोचला. कसा? श्रीलंकेहून रबराची रोपं गेली, त्यांच्या मातीत बसून. २००७ ला ग्वाम. २०१३ ला हवाई, तेही थेट लष्करी तळाजवळ. आणि १९६२ मध्ये मॉरिशस! हो, तेच मॉरिशस, पोपटाचं. म्हणजे साहेबांनी गंमत म्हणून जी जोडी लावली ती प्रत्यक्षात एकाच बेटावर राहते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. (माझ्याही नव्हतं. रात्री वाचताना सापडलं आणि मी खुर्चीतून उठलो.)

भुंगा जिंकत जिंकत तिथे पोचला नाही, आपण त्याला जहाजाने आणि विमानाने पोचवलं. तिकीट आपलं, व्हिसा आपला, पोचल्यावर जेवणाची सोय आपली. याला स्पर्धेत जिंकणं म्हणत असतील तर आमच्या कॉलेजातल्या मॅनेजमेंट कोट्यालाही मेरिटच म्हणायला हवं.

आता पोपट.

मॉरिशस हे बेट आपल्या एखाद्या छोट्या जिल्ह्याएवढं. माणूस तिथे राहायला आला तो सतराव्या शतकात, म्हणजे इकडे शिवाजी महाराजांच्या काळाच्या आसपास. डोडो त्याच शतकात संपला, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या बेटसमूहावर पोपटांच्याही कितीतरी जाती होत्या. त्या सगळ्या गेल्या, आणि उरला हा एकच. शेजारच्या रियुनियन बेटावरचं याचं भावंडही नामशेष झालं. तेव्हा एको पॅराकीट हा काही दुबळा, लाडावलेला पक्षी नव्हे. बाकीचे सगळे मेले तरी टिकलेला तो गडी आहे.

त्याच्यावर काय काय आलं ते बघा. बेटावरचं मूळ जंगल आधी ऊस लावायला तोडलं. उरलेल्यातलं १९७० च्या दशकात चहा आणि पाइनच्या लागवडीसाठी. आज चांगलं म्हणावं असं मूळ जंगल जेमतेम दोन टक्के उरलंय. त्या उरलेल्या जंगलात बाहेरून आणलेला पेरू माजलाय, इतका की मूळ झाडांची रोपं त्याखाली उगवतच नाहीत. जहाजांतून उंदीर आले, ते अंडी खातात. खलाशांनी माकडं आणली, ती अंडीही खातात आणि फळंही तोडतात. आणि मग आलो आपण.

म्हणजे अक्षरशः आपण. साळुंकी १७६२ मध्ये भारतातून मॉरिशसला मुद्दाम नेली, टोळ खायला. आपला नेहमीचा पोपट, गळ्यात गुलाबी पट्टा असलेला, जो आपल्याकडे पिंजऱ्यात मिठू मिठू करतो, तो १८८६ च्या सुमारास तिथे मोकळा सुटला. ढोलीसाठी तो एकोशी भांडतो, आणि तो आहे हजारोंनी. पुढे २००५ च्या सुमारास एको पोपटांमध्ये चोच आणि पिसं झडवणारा विषाणूचा रोग पसरला. हा रोग या पाहुण्या पोपटांतही असतो.

माणसंही गेलीच. १८३४ पासून गिरमिटावर ऊस तोडायला. त्यात मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली कुटुंबं होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. त्यांनी काही हौसेने जंगल तोडलं नाही, ते बिचारे उसाच्या सरीत मरत होते. पण मला गंमत वाटते ती याची, की कोकणातला माणूस, भारतातला पोपट, भारतातली साळुंकी आणि अखेर आपल्या माडाचा भुंगा, सगळे त्या एका बेटावर जमले, आणि शेवटी नापास कोण ठरला? तर जो आधीपासून तिथेच राहत होता तो.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली, ती सांगतो. एको पोपट घरटं करतो ते जुन्या, मोठ्या झाडांच्या ढोलीत. त्यातलं एक झाड आपल्या उंडीच्या कुळातलं आहे. अशी ढोली तयार व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं, शंभर-दोनशे वर्षं लागतात. मॉरिशसला चक्रीवादळं येतात, १९६० मध्ये कॅरोल, १९७५ मध्ये जर्व्हेज. पूर्वीही येतच असणार. भरपूर जंगल होतं तेव्हा दहा ढोल्या पडल्या तर शंभर उरायच्या. जंगल दोन टक्क्यांवर आल्यावर तीच दहा झाडं म्हणजे अख्खी वसाहत. आता जोडून बघा. वादळ एकच. झाड आडवं झालं की पोपटाचं घर गेलं, आणि तेच खोड जमिनीवर कुजलं की भुंग्याला पाळणा मिळाला. त्यात कोणाचा फिटनेस आला? एकाला पडझड सोसते आणि एकाला सोसत नाही. आणि पडझड कोण करतंय, हा प्रश्न कँटीनमध्ये कोणी विचारत नाही.

तसं ते वाक्यही डार्विनचं नाही. हर्बर्ट स्पेन्सर नावाच्या तत्त्वज्ञाचं, १८६४ चं. डार्विनने ते पुढे उचललं, आपल्या पुस्तकाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत. आणि त्यातल्या 'फिट'चा अर्थ जिममधला फिट नाही. पँट फिट बसते, तो फिट. म्हणजे ज्या परिस्थितीत ठेवलंय तिच्यात मावणारा. परिस्थिती बदलली की कालचा फिट आज ढगळ. पोपट मॉरिशसच्या जंगलात फिट बसत होता. आपण ते जंगलच काढून घेतलं आणि वर म्हणतोय, हा बसत नाही बुवा. कोडच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी डिलीट करायची आणि मग प्रोग्रॅम कंपाइल होत नाही म्हणून प्रोग्रॅमरला नावं ठेवायची.

साहेबांचा दुसरा मुद्दा पैशाचा होता, आणि तो जास्त गंभीर आहे. एका पोपटावर इतका खर्च का? हा प्रश्न थोर लोकांनीही विचारलेला आहे. मॉरिशसमध्येच एक छोटा ससाणा आहे. १९७४ मध्ये त्याचे जगात चार पक्षी माहीत होते. चार! नॉर्मन मायर्स हे मोठे पर्यावरणतज्ज्ञ, नामशेष होणाऱ्या जीवांसाठी जन्मभर लिहिलेला माणूस, पण त्यांनीही १९७९ च्या 'द सिंकिंग आर्क' या पुस्तकात हिशोब मांडला, की या ससाण्याला बहुधा सोडून द्यावं आणि तोच पैसा ज्यांची आशा जास्त आहे त्यांच्यावर लावावा. युद्धातला डॉक्टर जखमींची वाटणी करतो तसं. ऐकायला अगदी तर्कशुद्ध. मी मॅनेजर असतो तर सही केली असती.

त्याच १९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला तरुण मॉरिशसला पोचला. त्याने सही केली नाही. ससाण्याची पहिली अंडी काढून घेतली की मादी दुसऱ्यांदा घालते, तेव्हा पहिली उबवणी यंत्रात आणि दुसरी घरट्यात, असले उद्योग त्याने सुरू केले. चाराचे काहीशे झाले. मग त्याच पद्धती पोपटाला लावल्या. ज्या घरट्यात तीन पिल्लं आहेत आणि खाऊ घालणं झेपणार नाही, त्यातलं एक काढून ज्यांची अंडी वाया गेलीत त्यांच्याकडे द्यायचं. उंदरांचा बंदोबस्त करायचा, लाकडी पेट्यांची घरटी टांगायची, गोळी खाद्य ठेवायचं. १९९४ मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे तिथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. वीसपंचवीस वर्षं, रोज, दोरावरून झाडावर चढणं. यात कसलीही जादू नाही, निव्वळ सपोर्ट वर्क आहे. नाईट शिफ्टसारखं.

हे मी काकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "पोपटासाठी माणसं झाडावर चढतात? मिळतात का त्यांना चढणारी माणसं? इथे नारळ पाडायला गडी मिळत नाही." मला वाटलं होतं ते हसतील. ते गंभीरपणे चौकशी करत होते.

आता प्रामाणिकपणे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर साहेब सोमवारी माझी विकेट काढतील. ही कामं एकदा करून संपत नाहीत. ससाण्याला १९९४ मध्ये कमी धोक्याच्या गटात टाकलं, आणि २०१४ मध्ये परत वरच्या धोक्यात आणावं लागलं, कारण संख्या पुन्हा घसरली. पोपटालाही पेट्या आणि खाद्य लागतंच. उद्या सगळी माणसं घरी गेली तर काय होईल याची खात्री नाही. म्हणजे साहेबांचं सलाईन शब्दशः खोटं नाही.

पण मग माझं म्हणणं एवढंच, की सलाईन दोघांनाही लावलेलं आहे. भुंग्याचं सलाईन आपल्याला दिसत नाही, कारण ते बजेटमध्ये वेगळ्या नावाने लिहिलेलं असतं. लागवड, बंदर, आयात, रोपवाटिका. मॉरिशसच्या उसाला १९७५ पासून २००९ पर्यंत युरोपातून हमीभाव मिळत होता. त्या उसात अळ्या पोसल्या गेल्याच. तिथे १९११ मध्ये बार्बाडोसहून चुकून आलेला एक भुंगेरा सापडला, आपल्या हुमणीसारखा, मुळं खाणारा. मग त्याला मारायला बार्बाडोसहून गांधीलमाशीच्या जातीची माशी आणा. गेंड्या भुंग्याला मारायला १९७० च्या दशकात विषाणू सोडा. हा सगळा खर्च कोणी 'भुंग्यावर केलेला खर्च' म्हणून मोजलाय? आधी त्याला पोसायचं, मग त्याला मारायचं, आणि दोन्ही बिलं शेतकऱ्याच्या नावावर. त्या बिलांपुढे पोपटाच्या पेट्या म्हणजे चहापाणी. तरी 'फुकट पोसलेला' म्हणून बोट कोणाकडे? पोपटाकडे.

इथपर्यंत वाचून पक्षीप्रेमी मंडळी खूश झाली असतील. थांबा, तुमच्याकडेही यायचंय.

पोपट वाचला याचं एक कारण तो पोपट आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. हिरवा, लाल चोच, डोळ्यात डोळा घालून बघतो. त्याचा फोटो कॅलेंडरवर छान दिसतो. जगात पोपटांच्या जाती आहेत चारशेच्या आसपास. भुंगेऱ्यांच्या नोंदलेल्या जाती आहेत चार लाखांच्या आसपास, नोंदलेल्या सगळ्या प्राण्यांपैकी साधारण एक चतुर्थांश. तेच जंगल तुटलं तेव्हा त्यातले किती भुंगेरे पोपटाच्या आधी मेले? त्यांच्यासाठी कोण दोर बांधून चढलं? अमेरिकेत एक भुंगेरा आहे, मेलेला छोटा पक्षी किंवा उंदीर जमिनीत पुरतो आणि नर-मादी मिळून त्यावर पिल्लं वाढवतात. पस्तीस राज्यांत सर्रास दिसणारा, कोणी ढुंकून न बघणारा. दिसेनासा होत होत १९८९ मध्ये धोक्याच्या यादीत आला. सर्रास होता तेव्हा त्याची कोणी नीट मोजदाद केली नव्हती, कारण सर्रास गोष्टी कोण मोजतो?

म्हणून 'भुंगा काय, तो राहणारच' हे वाक्य मला पोपटाच्या वाक्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटतं. नुसतं 'खूप आहेत' हे काही सर्टिफिकेट नाही. अमेरिकेतच कॅरोलिना पॅराकीट नावाचा पोपट होता. तो दुर्मिळ नव्हता, उपद्रवी होता! थवेच्या थवे बागांवर उतरायचे आणि शेतकरी गोळ्या घालायचे. एक पडला की बाकीचे त्याच्याभोवती घिरट्या घालत राहायचे, म्हणजे आणखी सोपं. शेवटचा पिंजऱ्यातला पक्षी २१ फेब्रुवारी १९१८ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याच्या तरुणपणी कँटीनमध्ये कोणी तरी नक्कीच म्हणालं असेल, मारून मारून दमलो, मरत नाहीत साले.

एवढ्या लांब तरी कशाला जायचं? गिधाडं आठवा. माझ्या आईच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुराभोवती शेकड्याने बसायची म्हणे. मी गावात एकही बघितलं नाही, लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे काढून. गुरांना द्यायचं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांच्या किडन्या निकामी होत होत्या. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त संपली. कारण कळलं २००४ मध्ये, जनावरांसाठी बंदी आली २००६ मध्ये. आमच्या तालुक्याशेजारी म्हसळ्याजवळ चिरगावला आता थोडीफार जपतात. म्हणजे शेकड्याने होती तेव्हा फुकट, आणि आता एकेका पिल्लामागे माणसं. अनफिट होती का ती? १९९० च्या दशकापर्यंत फिट आणि मग अचानक अनफिट? एक गोळी बाजारात आली, बस.

साहेबांना सगळ्यात जास्त ऐकवायचंय ते हेच, आणि ते पोपटाबद्दल नाहीये. आपण पाचही जण त्या टेबलावर भुंगे आहोत. ज्या वर्षी आपण पास झालो त्या वर्षी कंपन्या बस भरभरून भरती करत होत्या. आपल्या कॉलेजच्या दारात येऊन घेऊन गेल्या. कोणी तरी परदेशात बसून काम इकडे पाठवायचं ठरवलं, तो आपला ओंडका. त्यात आपण वाढलो, गलेलठ्ठ झालो, आणि आता समजतोय की हे शिंग आपलं आपण उगवलंय. जो बेंचवरून गेला त्याने आठ वर्षं एका जुन्या मेनफ्रेमच्या सिस्टिमवर काम केलं, जी आमच्यातल्या कोणालाही वाचता येत नव्हती. रात्री दोनला ती पडायची तेव्हा साहेब स्वतः त्याला फोन लावायचे. क्लायंटने ती सिस्टिम बंद केली. झाड पाडलं, ढोली गेली. त्याला नवीन काही शिकवायला तीन महिन्यांत किती तास दिले गेले ते मला माहीत आहे, कारण मी त्याच्या शेजारी बसायचो. शून्य.

त्याला काल रात्री फोन केला. दोन ठिकाणी इंटरव्ह्यू आहेत म्हणाला, मुलीच्या शाळेची फी जुलैत भरायचीय, तोवर चालेल. मी कँटीनमध्ये गप्प बसलो होतो हे त्याला सांगितलं नाही. सांगून काय करणार होतो?

पुढच्या शनिवारी पोस्ट नसेल. गावी जातोय. एका ओळखीच्याकडून पेट्रोलवर चालणारी करवत दोन दिवसांसाठी मिळालीय. पाच वर्षं होऊन गेली तरी वाडीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला, निसर्गमध्ये पडलेल्या माडांची काही खोडं अजून अर्धीमुर्धी पडून आहेत. बाकी काकांनी एकट्याने हळूहळू काढलीत. ती फोडायची, अळ्या कोंबड्यांना घालायच्या आणि उरलेलं जाळून टाकायचं. काकांनी यंदा परत बारा रोपं लावलीत. शेंडे अजून शाबूत आहेत म्हणे.